नातवंडांच्या नावची ठेव आणि वारसा कर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय 71. नात (11) आणि नातू (8) यांच्या नावे प्रत्येकी 5 लाखांची मुदत ठेव केली आहे. पावतीवर अ.पा.क. (अज्ञान मुलांचा पालक) म्हणून माझ्या मुलाचे नाव आहे. शेजारी म्हणतात, माझ्या पश्चात या रकमेवर वारसा कर कापतील. ठेवी आताच मोडू का?
– एक वाचक, विटा

उत्तर : सर, मोडू नका. मुदतीआधी मोडलीत तर व्याज तेवढे कमी होईल. आपल्याकडे आज वारसा कर नाही. 1953 साली इस्टेट ड्यूटी आली होती, वरच्या टप्प्यात 85 टक्क्यांपर्यंत. ती 16 मार्च 1985 पासून बंद झाली. 2024 च्या निवडणुकीत त्यावर बरीच चर्चा झाली, कायदा काही झाला नाही. आजोबांनी नातवंडांना दिलेल्या रकमेवरही कर नाही.

कर आहे तो व्याजावर, आणि तो दरवर्षी, तुमच्या मुलाच्या किंवा सुनेच्या खिशातून. अज्ञान (18 वर्षांखालील) मुलाचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरतात. पैसे आजोबांचे असले तरी हाच नियम. 7 टक्क्यांनी दोघांचे मिळून वर्षाचे व्याज 70,000 होते. मुलगा 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकर धरून सुमारे साडेचौदा हजार कर. जुन्या करपद्धतीत प्रत्येक मुलामागे 1,500 रुपयांची सूट आहे, नव्या पद्धतीत तीही नाही. एकेका मुलाच्या नावचे व्याज 50,000 च्या आत असल्याने बँक बहुधा टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापत नाही, म्हणून घरात हे कोणाच्या लक्षातच येत नाही आणि पुढे नोटीस येते. मुलाला आजच विचारा, रिटर्नमध्ये हे व्याज दाखवतो का. राहिले असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येते, मात्र जादा कर लागतो.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. ते 10 लाख आता तुमचे नाहीत. उद्या दवाखान्याचा खर्च आला तर त्या ठेवीला तुम्हाला हात लावता येणार नाही, आणि मुलानेही तो पैसा नातवंडांच्या हितासाठीच वापरायचा आहे. 71 व्या वर्षी हाताशी पैसा हवाच, नातवंडांवर कितीही जीव असला तरी.

म्हणून यापुढची ठेव स्वतःच्या नावे ठेवा. ज्येष्ठांना बहुतेक बँकांत जादा व्याज मिळते, शिवाय जुन्या पद्धतीत व्याजावर 50,000 पर्यंत वजावट आहे. नातवंडांना नॉमिनी करा. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार नॉमिनी चालतात. नॉमिनी अज्ञान असल्याने त्यांच्या वतीने रक्कम कोण घेणार, तेही फॉर्मवर लिहावे लागेल. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. रक्कम नातवंडांनाच मिळावी असे वाटत असेल तर साधे मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि गावातलेच घ्या, म्हणजे वेळ आली तर ते सापडतील.