लिथियम बॅटरीसाठी स्वस्त, पर्यावरणपूरक इलेक्ट्रोलाइट (बॅटरीच्या दोन टोकांमध्ये लिथियम आयन वाहून नेणारं क्षाराचं द्रावण) बनवणं इतकं अवघड का? साधं पाणी का चालत नाही?

पाण्याचं आधी उरकतो. तत्त्वतः १.२३ व्होल्टच्या वर पाणी फुटून त्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन व्हायला लागतात, आणि लिथियम सेलला साडेतीन-चार व्होल्ट हवेत. २०१५ साली पाण्यात क्षार ठासून भरून ही मर्यादा सुमारे ३ व्होल्टपर्यंत ताणून दाखवली गेली. पण तो क्षार म्हणजे लिथियम टीएफएसआय. महाग, वर फ्लोरिनने लडबडलेला. म्हणजे तुमचे दोन्ही हेतू तिथेच बारगळले.

आता माझ्या दुखऱ्या नसेकडे. रोजच्या बॅटरीत क्षार असतो लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट, तोही फ्लोरिनवालाच. ओलाव्याचा अंश लागला की त्यातून हायड्रोफ्लुरिक आम्ल सुटतं आणि कॅथोडमधलं (धन टोकातलं) मँगनीज विरघळवतं. मी पीएचडीला असताना बिनफ्लोरिनचा लिबॉब धरून बसलो होतो. बोरॉन आणि ऑक्झॅलेटचा क्षार. गाइडचं ठाम मत, 'हे चालत नाही, आपण करून पाहिलंय.'

पहिल्यांदा मीही हरलो. ग्लव्ह बॉक्समध्ये (ओलावा-हवा नसलेली बंद पेटी), तिच्या जाड हातमोज्यांतून बाटली हलवून हलवून मनगटं भरून आली, तरी द्रावण ताकासारखं गढूळ. त्याचेच कॉइन सेल (चाचणीचे बटणाएवढे सेल) बांधले. ते पंधरा-वीस सायकलींत (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांत) झोपले. ग्रुप मीटिंगमध्ये गाइड सगळ्यांसमोर म्हणाले, "सांगितलं होतं ना?" आठवडाभर मी त्या टेबलाकडे फिरकलो नाही.

मग सहज म्हणून तो गाळ फिल्टरवर धरला. लिबॉब विरघळत नव्हता असं नाही, त्यातली भेसळ विरघळत नव्हती. क्षाराची बाटली जुनी, झाकण कितीदा उघडलेलं कोण जाणे. क्षार ॲसिटोनायट्राइलमधून पुन्हा स्फटिक करून घेतला, व्हॅक्युम ओव्हनमध्ये वाळवला. या खेपेला द्रावण काचेसारखं नितळ, आणि सेल शेकडो सायकली चालले. गाइडनी 'करून पाहिलं' होतं तेही त्याच बाटलीतून! हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "बरं, पण कंडक्टिव्हिटी कमीच आहे."

ती, म्हणजे आयन वाहून नेण्याची क्षमता, कमी आहे, हे खरं. नेहमीच्या कार्बोनेट सॉल्व्हेंटमध्ये लिबॉब कमीच विरघळतो, थंडीत आणि फास्ट चार्जिंगला मार खातो, ओलावा त्यालाही सोसत नाही. फक्त बिघडला तरी हायड्रोफ्लुरिक आम्ल सोडत नाही, एवढंच. हे मी आधी लिहायला हवं होतं.

पण 'स्वस्त'चा हिशोब लोक क्षाराच्या किलोमागच्या भावावर करतात, तो मला पटत नाही. क्षार कोरडा ठेवायला लागणारी ड्राय रूम आणि शेवटी रिसायकलिंगच्या वेळी हाताळावा लागणारा फ्लोरिन, हे कोणाच्या खात्यात? आणि तुमचे गाइड 'चालत नाही' म्हणाले, तर आधी ती बाटली कधी उघडली होती ते विचारा.