सदिशाला दिशा, मग बहुपदीला कुठली?

प्रश्न आलाय तो असा: "एमएस्सी मॅथ्सला आहे, हौसेनं फिजिक्स वाचायला घेतलंय. सदिश म्हणजे दिशा असलेला, पण आमच्यात बहुपदी पण सदिश, मग तिला दिशा कुठली? आणि टेन्सरला प्रदिश का म्हणतात?"

भावा, प्रश्न एक नंबर हाय. सदिश ज्यावरनं आला त्या व्हेक्टर या मूळ शब्दात दिशा नाहीच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणारा, आणि त्याचा धातू न आपल्या वाहनातला 'वह्' एकाच घरातले, डासाला रोगाचा व्हेक्टर म्हणतात ते त्यामुळंच. हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञानं १८४० च्या दशकात क्वाटर्नियनच्या, म्हणजे चार भागांच्या संख्यांच्या, नादात स्केलर-व्हेक्टर (आपलं अदिश-सदिश) ही जोडी आणली, आणि मराठीत येताना वाहणं गेलं, दिशा आली. फिजिक्सला ते बरोबर बसतं. पण १८८८ ला पेआनो या इटालियन गणितज्ञानं बेरीज आणि संख्येनं गुणणं एवढेच नियम धरले न त्यात जे बसेल ते आत घेतलं, म्हणून बहुपदी पण आत आली. तिथं सदिश हे नुसतं आडनाव उरलंय, पाटील आडनावाच्या सगळ्यांकडं पाटीलकी असते काय?

आता मजा बघ. 'दिश्' म्हणजे दाखवणं. त्यातनंच दिशा, निर्देश, आदेश, आणि तुझ्या भूमितीतला निर्देशक, म्हणजे बिंदूची जागा सांगणारा आकडा, तो पण. आपल्या कोल्हापुरात बिंदू चौकातनं रंकाळ्यापर्यंत बाण काढ. एकानं अक्ष पूर्व-उत्तर धरले, दुसऱ्यानं आपल्या गल्लीप्रमाणं तिरके धरले, दोघांचे निर्देशक वेगळे येणार पण रंकाळा काय जाग्यावरनं हलत नाही. फिजिक्सवाला सदिश म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हे असतं, की अक्ष फिरवले तर आकडे ठरलेल्या नियमानं बदलतात आणि मागची वस्तू तीच राहते. तालमीतल्या पैलवानाची उंची, वजन, वय असे तीन आकडे लिहिलेस तर तुझ्या वहीत ते खुशाल R³ मध्ये, म्हणजे तीन-तीन आकड्यांच्या सदिशांत, बसतील, पण तू अक्ष कसेबी फिरव, पैलवानाचं वय वजनात मिसळणार नाही, म्हणून फिजिक्सवाला त्याला सदिश म्हणत नाही. मॅथ्सची पोरं इथंच अडकतात, कारण आपण नियम बघतो आणि तो अक्ष फिरवून बघतो.

प्रदिशकडं येऊ. वैदिक संस्कृतात दिश् आणि प्रदिश् जोडीनं येतात, अर्थ दिशाच, त्यामुळं शब्द काय अगदीच हवेतनं काढलेला नाही. पण मला तो बरा वाटतो तो दुसऱ्याच कारणानं, तो सदिश-अदिशच्या पंगतीत बसतो. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घे. त्यावर वरनं दाब दिलास, तर आत एका जागी काय चाललंय हे सांगायला एक दिशा पुरत नाही, कुठल्या बाजूनं काप कल्पिला ती एक आणि त्या कापावर बल कुठं चाललंय ती दुसरी. तीन गुणिले तीन, नऊ आकडे, सममितीमुळं त्यातले वेगळे सहाच, हा झाला प्रदिश. तुझ्या भाषेत द्विरेखी फलन, म्हणजे दोन सदिश घेणारं आणि दोन्हींत रेषीय असणारं, वस्तू तीच.

टेन्सर हे नाव आजच्या अर्थानं व्होइग्ट या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासात वापरलं, त्याआधी हॅमिल्टननं तोच शब्द भलत्याच गोष्टीला, क्वाटर्नियनच्या मापाला लावला होता. लॅटिन धातूचा अर्थ ताणणं, आणि आपला ताण, तंतू, तान ज्या 'तन्' वरनं आले तो त्याचाच भाऊबंद. मग ताणावरनंच नाव का नको असं तू म्हणशील. तर दोरीतल्या ओढीला ताण आधीच लावलाय, गुळातल्या त्या भानगडीला प्रतिबल, त्यात आणखी एक ताण आणला असता तर डोक्यालाच ताण. वहीत प्रदिश लिही, चहाच्या टपरीवर टेन्सर म्हण, कोण हसणार नाही.