जास्त टिकलेल्या नमुन्याबद्दल

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या फटीग टेस्टमध्ये, म्हणजे भार पुन्हा पुन्हा देऊन-काढून धातू किती फेऱ्यांना (सायकल्सना) तुटतो ते पाहताना, एकाच बॅचमधले अॅल्युमिनियमचे बाकी नमुने जवळपास सारख्याच सायकल्सना तुटले आणि एक मात्र पाचपट टिकला. तो आकडा आलेखातून काढून टाकू का, असं तू विचारलं आहेस. काढू नकोस. आणि मटेरियल चांगलं निघालं म्हणून इतक्यात खूशही होऊ नकोस. लवकर तुटलेल्या नमुन्याची सगळे चौकशी करतात, जास्त टिकलेल्याची फारसं कुणी करत नाही. आपल्या क्षेत्रातला फार महागात पडलेला एक धडा अशाच नमुन्याने दिलेला आहे.

ब्रिटनचं कॉमेट हे जेट विमान 1952 साली प्रवासी सेवेत आलं. 10 जानेवारी 1954 ला एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं आणि 8 एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ. मग फार्नबरोच्या संशोधन संस्थेत अख्ख्या कॉमेटची केबिन पाण्याच्या टाकीत बसवली. आत पाणी भरून दाब चढवायचा, उतरवायचा आणि बाहेर पंख हायड्रॉलिक जॅकने वरखाली करायचे. केबिन हवेने भरलेली असताना फुटली तर तिच्या चिंधड्या होतात आणि पुरावा हातातून जातो. पाणी जवळजवळ दाबलंच जात नसल्यामुळे फाटलेली जागा जशीच्या तशी मिळते. प्रत्यक्ष उड्डाणं धरून सुमारे 3,000 सायकल्सना ती केबिन एका खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटली.

खरं कोडं पुढे आहे. कंपनीने केबिनच्या एका भागाची फटीग टेस्ट आधीच केली होती आणि तो भाग सुमारे 18,000 सायकल्स टिकला होता. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची जेमतेम 1,300 उड्डाणं झाली होती. एवढी तफावत का? कारण टेस्टच्या त्या भागाला फटीगच्या आधी, ताकद तपासण्यासाठी, नेहमीच्या दुपटीपर्यंत दाब दिला होता. खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू त्या दाबाने थोडा यील्ड झाला, म्हणजे कायमचा ताणला गेला, आणि दाब उतरल्यावर तिथे धातूला आवळून धरणारे अवशिष्ट ताण मागे राहिले. असे ताण क्रॅकला सहजासहजी उघडू देत नाहीत. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या केबिन्सना एवढा जादा दाब कधी मिळालाच नव्हता.

म्हणून आधी तुझ्या नमुन्याचा इतिहास शोध. मशीनमध्ये बसवताना, लोड सेट करताना, त्याला एकदाच का होईना जास्त लोड बसला का? पहिल्या काही सायकल्सचा लोड सेलचा (भार मोजणाऱ्या उपकरणाचा) रेकॉर्ड उघडून बघ. नुसता सरासरीचा आकडा यात काही सांगणार नाही. तो नमुना धातूच्या बारच्या कुठल्या टोकातून कापला होता? शेवटचं पॉलिशिंग लांबीच्या दिशेने झालं की आडवं? आडवा ओरखडा भाराच्या दिशेला काटकोनात येतो आणि क्रॅकला तयार जागा देतो. असंही होऊ शकतं की बाकीच्या सगळ्यांवर असे ओरखडे आहेत आणि हा एकटाच नीट घासला गेला आहे. तसं निघालं तर चौकशी त्या बाकीच्यांची करावी लागेल. काहीच सापडलं नाही, तर तो आकडा आलेखात राहू दे. कमी ताणावर आयुष्यात दहापट फरक पडणं फटीगमध्ये नवं नाही. म्हणून तर आपण आयुष्याचा अक्ष लॉगमध्ये, म्हणजे दर टप्प्याला दहापट वाढणारा, काढतो.

आता तुझ्या पुढच्या कामाबद्दल, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या टेस्टबद्दल. तिथे तुझ्यावर दबाव येईल तो वेळेचा. फ्रीक्वेन्सी वाढवून काम लवकर उरकायचा मोह होईल, पण क्रॅकच्या टोकाशी रसायनाला आपलं काम करायला वेळ लागतो. 20 हर्ट्झला ते पाणी क्रॅकमध्ये असून नसल्यासारखं वागू शकतं. तोच नमुना दहा सेकंदांना एक सायकल या गतीने चालवला तर प्रत्येक सायकलमागे क्रॅक बराच जास्त वाढलेला दिसू शकतो. रिपोर्टमध्ये फ्रीक्वेन्सी न लिहिता करोजन फटीगचा (गंज आणि फटीग एकत्र असतानाचा) आकडा देणं मला अजिबात मान्य नाही. तसंच सॉल्ट स्प्रेचं. 35 अंशांवर 5 टक्के मिठाचं सतत धुकं दोन कोटिंग्जची तुलना करायला ठीक आहे, पण त्याच्या तासांवरून दाबोळीला किंवा मुंबईला पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या विमानाची वर्षं काढता येत नाहीत. विमान ओलं होतं, वाळतं, पुन्हा ओलं होतं.

फटीग आणि ओलावा हे दोन्ही एकत्र आले की काय होतं, ते 28 एप्रिल 1988 ला हवाईमध्ये दिसलं. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या, 89,000 हून जास्त उड्डाणं झालेल्या बोईंग 737 चं पुढचं छप्पर हवेतच उडालं. एका हवाई सेविकेचा जीव गेला. पत्र्यांच्या जोडातला चिकट थर ओलाव्याने सुटला होता, भार रिव्हेट्सवर आला आणि एकाच ओळीतल्या अनेक भोकांपासून बारीक क्रॅक निघून एकमेकांना मिळाले. प्रत्येक क्रॅक एकेकटा पाहिला असता तर किरकोळ वाटला असता. तू नेहमी एका क्रॅकवर काम करतेस, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

इंजिनाच्या भागांबद्दल सविस्तर पुन्हा कधीतरी. आज एवढंच, की 1989 साली अमेरिकेत सू सिटीला पडलेल्या विमानाच्या टायटॅनियम फॅन डिस्कमधला (इंजिनाच्या पंख्याची पाती धरणाऱ्या चकतीतला) क्रॅक धातू ओततानाच्या दोषापासून सुरू झाला होता. अपघातानंतर त्या क्रॅकच्या पृष्ठभागावर तपासणीच्या पेनिट्रंटचे, म्हणजे क्रॅक दिसावा म्हणून लावतात त्या द्रवाचे, अंश सापडले. म्हणजे द्रव क्रॅकमध्ये शिरला होता, तपासणाऱ्याला क्रॅक दिसला मात्र नाही.

तुझा तो नमुना तुटला असेल, तर दोन्ही तुकडे 'बसतात का' म्हणून एकमेकांना लावून बघू नकोस. सगळे लावतात, आणि जिथून क्रॅक निघाला तीच जागा घासली जाते. पृष्ठभागाला बोट लावू नकोस, घामातही मीठ असतं. अॅसिटोनने धुण्याआधी, शेजारी स्केल ठेवून, दिवा तिरका धरून दोन्ही तोंडांचे फोटो काढ. बाकीच्यांपैकी एका नमुन्याचेही तसेच काढ आणि दोन्ही मला पाठव, सोबत लोड सेलचा पहिल्या तासाचा रेकॉर्ड. तो पाहिल्याशिवाय मी तुला यापुढे काही सांगणार नाही.

तुझा,
सर