आकडा वाढला, बरं मग?

प्रिय मित्रा,

तुझा रक्ताचा रिपोर्ट बघितला, टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी (पेशींना इजा करू शकणाऱ्या ऑक्सिडंट रेणूंना रोखायची रक्ताची एकूण ताकद) भारी आली म्हणून तू खुश आणि सगळं क्रेडिट व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्यांना देऊन मोकळा पण झालास! अरे, त्या आकड्यात युरिक अॅसिडचा वाटा मोठा असतो, म्हणजे ज्याचं युरिक अॅसिड वाढलंय त्याचाही आकडा झकास दिसू शकतो, आता त्याला तू फिट म्हणणार का?

सी चं सांगतो. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने धडधाकट तरुणांना वेगवेगळे डोस देऊन बघितलं होतं, १९९६ साली ते छापून आलं. रोज २०० मिलिग्रॅमपर्यंत रक्तातली पातळी भराभर चढते आणि मग हजारपर्यंत गेलास तरी जेमतेम सरकते. गंगापूर धरण भरलं की जादाचं पाणी गोदावरीत सोडतात ना, तसं जादाचं सी किडनी लघवीवाटे सोडून देते. तुझी रोजची गरज ८० मिलिग्रॅम, आणि १०० ग्रॅम पेरूतच साधारण २०० मिळतं, मग पंचवटीच्या मार्केटमधनं पेरू आणायला काय होतंय तुला (वर मीठ-तिखट टाकलंस तरी चालेल).

आणि तू त्र्यंबक रोडला सायकल मारतोस म्हणून हे नीट वाच. व्यायामात जे ऑक्सिडंट तयार होतात ते नुसते शत्रू नसतात, त्यांच्याच इशाऱ्यावर स्नायू स्वतःचं संरक्षण वाढवतात. २००९ साली जर्मनीत तरुणांना ४ आठवडे व्यायाम करायला लावला, त्यातल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं, तर व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचाच. सगळ्याच अभ्यासात असं दिसलेलं नाही हेही खरं, पण मेहनत करून तिचा फायदा घालवायची रिस्क पैसे देऊन कोण विकत घेतं?

ई ची ती ४०० वाली स्ट्रिप मात्र सरळ बंद कर. सिलेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये ३५ हजारांवर पुरुष होते, त्यात नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. ते वयाने तुझ्यापेक्षा बरेच मोठे होते, मान्य, पण फायदा तरी कुठे दिसला? आणि तुझे ते सिगरेट ओढणारे रूममेट बीटा कॅरोटीन (गाजरात असतं ते, शरीर त्याचं व्हिटॅमिन ए बनवतं) गोळीतून घेत असतील तर त्यांना आजच सांग, फिनलंडमध्ये १९९४ ला स्मोकर्समध्ये त्याने फुफ्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला दिसला.

सगळ्याच गोळ्या फालतू असं म्हणत नाहीये हां. तू पक्का शाकाहारी, त्यात दूधही आवडत नाही, तेव्हा व्हिटॅमिन बी१२ तपासून घे, कमी निघालं तर डॉक्टर देतील ती गोळी निमूट घ्यायची. पुढच्या वेळी हेल्थ चेकअपच्या पॅकेजवाल्याने अँटिऑक्सिडंटची टेस्ट गळ्यात मारली तर ती कॅन्सल करून बी१२ टाकायला सांग.

तुझा,
काका