बेळगावहून चौघं पहिल्यांदाच कळसूबाईला निघालोय, जुलैचा शेवटचा शनिवार-रविवार धरलाय, प्लॅन बरोबर आहे का?

प्लॅन बरोबर नाही ओ, पण डोंगर बरोबर निवडलाय. तुम्ही लिहिलंय की शुक्रवारी रात्री गाडी काढणार, शनिवारी चढणार आणि रविवारी रात्री घरी. नेमकं हेच आम्ही केलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी अंतराचं बघा. बेळगाव ते पुणे तीनशे चाळीस किलोमीटर, तिथून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत पायथ्याचं बारी गाव. एकूण पाचशेच्या वर जातंय. रात्रभर गाडी चालवलेला माणूस दुसऱ्या दिवशी शिडी चढणार आणि लगेच परत स्टिअरिंगवर बसणार, हे जमतंय असं वाटतंय पण जमत नाही. आमचा ड्रायव्हिंग करणारा दोस्त वर पोचला खरा, पण उतरताना प्रत्येक दगडावर बसत होता आणि परतीला साताऱ्याच्या पुढे आम्ही गाडी बाजूला लावून दोन तास सगळेच झोपलो.

दुसरं म्हणजे गर्दी. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यात मुंबई, पुणे, नाशिक तिन्हीकडनं एका रात्रीत येता येतं, मग पावसाळ्यातल्या शनिवारी काय होत असेल बघा. वाट अवघड नाहीच, बारीतनं निघालं की भातशेती, मग देवीचं खालचं छोटं देऊळ (ज्यांना वर जमत नाही ते इथंच हात जोडतात), मग दगडाच्या पायऱ्या आणि मग लोखंडी शिड्या. सगळं अडतं ते शिडीवर, कारण तिथं चढणारे आणि उतरणारे एकाच ठिकाणी. आम्ही एका शिडीखाली दीड तास उभे होतो, पाऊस चालूच, वरच्या माणसाच्या बुटाचा लाल चिखल पायरीवरनं ओघळून सरळ माझ्या बाहीत, लोखंड एवढं गार की बोटं आखडलेली, आणि मागनं कोणतरी स्पीकरवर गाणी लावलेली. हालता येत नाही, त्यामुळं थंडी जास्त वाजते. चढायची दमणूक परवडली, उभं राहायची नाही.

म्हणून माझं म्हणणं, शनिवार-रविवार सोडा, दोन रजा टाका. बुधवारी रात्री निघा, गुरुवारी बारीत पोचून मुक्काम करा (गावात घरोघरी राहायची-जेवायची सोय होते, आधी फोन करून ठेवा), शुक्रवारी पहाटे पाचला चालायला लागा. पहिल्यांदा जाणाऱ्याला चढायला तीन ते चार तास, उतरायला जवळपास तेवढेच, पावसात उतरायला जास्तच लागतात. म्हणजे दुपारी खाली, मुंबईची गर्दी रात्री यायच्या आत तुम्ही मोकळे. शनिवारी घरी, रविवारी पाय दाबत बसा.

गाडी नको असेल तर दादरकडं जाणारी रेल्वे पकडून कल्याणला उतरा, तिथनं कसारा लोकल, पुढं जीप किंवा एसटीनं इगतपुरी, घोटी करत बारी. एसटीच्या भरवशावर बेळगावहून निघू नका हे तुम्हाला सांगायला नको, सीमेवर कुठं काही झालं की दोन्हीकडच्या बसेस कोगनोळीला थांबतात. पुढंमागं दिवाळीनंतर जायचं ठरलं तर 1 नोव्हेंबरच्या आसपास निघायचं-परतायचं धरू नका, काळा दिन (सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेध) आणि राज्योत्सव (कर्नाटकचा स्थापना दिन) एकाच दिवशी, गावातनं बाहेर पडायलाच वेळ जाईल.

खरं सांगू का, पहिल्यांदा जाताय तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बघा. जुलैत वर काही दिसत नाही, नुसतं पांढरं. आपण बेळगावची माणसं, पावसाचं आपल्याला काय कौतुक, पण तिथल्या माथ्यावरचा वारा वेगळाच आहे, रेनकोट अंगावरनं ओढून नेतो, छत्रीचा तर विषयच नको. हवा मोकळी असली तर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका रांगेत, रतनगड, हरिश्चंद्रगड, खाली भंडारदऱ्याचं पाणी, सगळं दिसतं. मी दुसऱ्यांदा डिसेंबरात गेलो तेव्हा कळलं की पहिल्यांदा आपण काहीच बघितलेलं नव्हतं.

वर देवीचं छोटंसं देऊळ आहे. गावातली माणसं सांगतात की कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, केर-भांडी करणार नाही ही अट घालून, आणि एक दिवस तेच काम करायला लावलं तेव्हा सगळं टाकून डोंगरावर निघून गेली. बूट काढूनच आत जावा. आणि हे अभयारण्य आहे, 1986 पासून, तर प्लास्टिक खाली घेऊन या. माकडं आहेत, पिशवी हातात धरू नका, आमचा कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई ओ) अख्खा डबा गेला, घरनं खास आणलेला.

सराव मात्र करा, चौघांत कोणीच कधी ट्रेक केला नाही म्हणताय म्हणून. राजहंसगडाला वरपर्यंत रस्ता आहे म्हणून गाडीनं जाऊ नका, येळ्ळूर गावातनं चालत चढा आणि न थांबता उतरा, तीन-चार रविवार. ते सोपं वाटायला लागलं की देवरवाडीला वैजनाथापासनं महिपाळगड करा. पाठीवर सॅक आणि त्यात माणशी तीन लिटर पाणी घेऊन, रिकाम्या हातानं केलेला सराव उपयोगाचा नाही.

बूट नवे घेतले असतील तर तेच या सरावात वापरा. आणि निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, हसू नका, उतरताना सगळं वजन पुढं येतं आणि अंगठा बुटाला घासत राहतो. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून गणपतीपर्यंत तसंच होतं, आरतीला उभं राहिलं की सगळे आधी पायाकडंच बघायचे.