आग्नेय आशियातल्या पक्ष्यांवर काम केलेला तिथलाच एखादा शास्त्रज्ञ कोणता?

माझं उत्तर: थायलंडचे किट्टी थाँगलाँग्या (1928–1974).

जानेवारी 1968 मध्ये नाखोन सावन प्रांतातल्या बुएंग बोरापेत तलावात, रात्री बोरूच्या बेटांत मुक्कामाला येणाऱ्या भिंगऱ्या (स्वॅलो पक्षी) पकडून त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांत एक वेगळाच पक्षी सापडला: डोळ्याभोवती पांढरं कडं, चोच पिवळसर, शेपटीतून निघालेली दोन लांब पिसं. किट्टींनी त्याचं शास्त्रीय वर्णन करून थायलंडच्या राजकन्या सिरिंधोर्न यांचं नाव दिलं. थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्याचा एकमेव जवळचा नातेवाईक थेट आफ्रिकेत, काँगो-गॅबोनकडे राहतो!

दुर्दैवाने 1980 नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंद नाही. त्याचं घरटं तर कुणालाच कधी सापडलं नाही.

किट्टी पक्ष्यांपुरते थांबले नाहीत. कांचनबुरीच्या गुहांतलं जेमतेम दोन ग्रॅम वजनाचं वटवाघूळ त्यांनीच शोधलं, पण त्याचं वर्णन प्रसिद्ध होण्याआधी, वयाच्या 45 व्या वर्षी ते गेले. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड्स हिल यांनी ते काम पूर्ण केलं आणि त्या वटवाघळाला किट्टींचं नाव दिलं.