बॉब मेरिल यांना 'गीतकार' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन 'साँगरायटर' बॉब मेरिल यांच्याविषयी मराठीत लिहिताना 'गीतकार' म्हटलं तर चालेल का?

निम्म्या कामापुरतं चालेल. आपल्याकडे गीतकार शब्द लिहितो, चाल संगीतकार लावतो. 'गीतरामायण' म्हटलं की शब्द गदिमांचे आणि चाली बाबूजींच्या, हे आपण एका दमात सांगतो. रेडिओवरच्या निवेदनांनी ही वाटणी आपल्या कानात पक्की बसवली आहे. इंग्रजीतला साँगरायटर मात्र बरेचदा दोन्ही कामं करतो.

मेरिल यांचंच पाहा. दुकानाच्या काचेमागे शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याची किंमत विचारणारं त्यांचं गाणं १९५३ साली पॅटी पेज यांच्या आवाजात अमेरिकाभर गाजलं. मध्येमध्ये त्यात चक्क भुंकणंही ऐकू येतं. पुढच्या वर्षी रोझमेरी क्लूनी यांनी गायलेलं 'मॅम्बो इटालियानो' आलं. दोन्ही गाण्यांत शब्दांचं आणि संगीताचं श्रेय मेरिल यांचंच. चाली ते मुलांच्या खेळण्यातल्या झायलोफोनवर, म्हणजे काठीने पट्ट्या वाजवायच्या वाद्यावर, जुळवायचे, आणि मला वाटतं, म्हणूनच त्या एकदा ऐकल्या की तोंडात बसतात. अशा माणसाला नुसतं 'गीतकार' म्हटलं, तर मराठी वाचक लगेच विचारणार, "आणि चाल कुणाची?"

याउलट १९६४च्या 'फनी गर्ल' या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेला संगीत ज्यूल स्टाइन यांचं होतं, मेरिल यांनी फक्त गीतं लिहिली. तिथे 'गीतकार' अगदी चपखल. पण त्याआधीच्या, १९६१च्या 'कार्निव्हल'मध्ये पुन्हा दोन्ही त्यांचंच!

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, 'वाग्गेयकार'. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात त्याची व्याख्याच दिली आहे: वाक् म्हणजे शब्द आणि गेय म्हणजे चाल, ही दोन्ही जो करतो तो वाग्गेयकार. मला हा शब्द फार प्रिय आहे. पण तो कर्नाटक संगीतातल्या त्यागराजांसारख्यांच्या रचनांसोबत रुळलेला. कुत्र्याच्या गाण्याला जड पडतो.

तेव्हा पहिल्या उल्लेखात 'गीतकार-संगीतकार' लिहावं आणि पुढे 'गाणं लिहिलं' याऐवजी 'गाणं रचलं' म्हणावं. 'रचणं' या क्रियापदात शब्द आणि चाल दोन्ही मावतात. शाहीर पोवाडा रचतो, तसंच. आणि कुत्र्याच्या गाण्यासारख्या गाण्यांना इंग्रजीत 'नॉव्हेल्टी साँग' म्हणतात, त्याला 'विनोदी गीत' नको, 'गमतीचं गाणं' बरं. या गाण्यांत दर वेळी विनोद असतोच असं नाही, काहीतरी नवलाई मात्र असते.